तोंड उघडं असताना

गोरेगावात, आरे रोडवरच्या एका पहिल्या मजल्यावर
डॉक्टर नाबर माझ्या तोंडात कापूस कोंबतात
आणि मग विचारतात,
"स्वीडनला, ते पण खेड्यात! काय करता हो दिवसभर?"

दोन वर्षांनी एकदा येते मी, दाढा घेऊन.
तिकडे दंतवैद्याची तारीख मिळेपर्यंत
दाढ आपली आपण पडून जाईल,
असं इथे सगळ्यांना सांगते.
खरं कारण वेगळं आहे.
मला भूल मराठीतून लागते.

काय करते, डॉक्टर?
बर्फ ओढते.
सकाळी दारापासून रस्त्यापर्यंत वाट काढते,
दुपारी ती बुजते,
संध्याकाळी पुन्हा काढते.
तुमच्या खालचा किराणावाला दुकानापुढे पाणी मारतो ना,
तसंच. फक्त पाणी घट्ट झालेलं.

टपालाची पेटी घरापासून चारशे पावलांवर.
रोज जाते. आत बहुधा काही नसतं,
पण झाकण कुरकुरतं,
आणि काही दिवशी तेवढंच संभाषण.

कचरा नऊ प्रकारचा.
पहिल्या वर्षी चहाची वापरलेली पुडी हातात धरून
मी ओट्यापाशी उभी राहिले होते पाच मिनिटं:
पत्ती कुठे, दोरा कुठे, कागद कुठे,
आणि ही एवढीशी पिन?

शेजारी एक म्हातारा आहे, तूरे नावाचा.
मावशीला फोनवर सांगितलं तर म्हणाली,
"तू रे काय? माणसाला काही नाव असेल की नाही!"
हा तूरे 'हो' म्हणत नाही.
तिकडे वरच्या अंगाला कुणीच फारसं म्हणत नाही.
ओठांच्या फटीतून श्वास आत ओढतात, झपकन,
दाराखालून वारा शिरावा तसा.
झाला होकार.
पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, कळ आली याला.
पाणी आणायला धावले होते.

तो बेल न वाजवता पायरीवर बटाटे ठेवून जातो.
मी त्याच्या पायरीवर लिंबाचं लोणचं ठेवलं.
महिन्याने बरणी परत आली, घासूनपुसून,
आत तीन अंडी.
लोणच्याबद्दल अवाक्षर नाही.
सहा वर्षं हेच चाललंय.
आम्ही एकमेकांच्या घरात कधी गेलो नाही.
म्हणजे एकदाच,
त्याची बायको गेली त्या आठवड्यात.
त्याने कॉफी केली. दोघं खिडकीबाहेर बघत बसलो,
तिथे एक कुंपण होतं.
निघताना म्हणाला, बोललीस ते बरं झालं.
मी काहीच बोलले नव्हते.

ड्रिल थांबतं.
खाली कुणीतरी रिक्षावाल्याशी सुट्ट्यांवरून भांडतंय,
आता त्यात तिसरा पडलाय, आणि एक बाई.
मला हे भांडण शेवटपर्यंत ऐकायचंय, डॉक्टर,
खिडकी लावू नका.

"चूळ भरा."
अर्धा ओठ माझा नाही.
पाणी हनुवटीवरून ब्लाउजवर ओघळतं.
तिकडची पहिली दोन वर्षं अशीच बोलायचे मी,
दुकानात, बँकेत, बसच्या ड्रायव्हरशी.
शब्द कुठून गळतोय, कळायचं नाही.
समोरचे नम्रपणे दुसरीकडे बघायचे.

नाबर आरसा पुसतात.
त्यांना आता उत्तर हवंय की नको, कोण जाणे,
त्यांच्याही सहा पेशंट बाहेर बसल्यात.
"पण सवय झाली असेल आता," ते म्हणतात,
"तेच घर वाटत असेल. नाही का?"

मी उत्तर देते,
ओठांच्या उरलेल्या अर्ध्या फटीतून.

हातातलं सगळं ट्रेमध्ये टाकून ते वाकतात.
दिवा माझ्या डोळ्यांवर येतो.
"दुखलं? कुठे दुखलं?
थोडी आणखी भूल देऊ?"